मी बघतोय तुला

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात सिस्टरचं घर कुणालाही विचारा, तो आधी हसणार आणि मग बोट दाखवणार. हसायचं कारण त्यांचं हिंदी. सदतीस वर्षं चंदीगडात काढून त्या 'मैं आता हूँ', 'मैं बाज़ार जाता हूँ' असंच बोलायच्या. भाजीवाला मुद्दाम विचारायचा, "सिस्टर जी, कल आओगे?" आणि त्या तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "आऊँगा. लेकिन मेथी ताज़ा रखना." गल्ली खूश.

खरं म्हणजे ते बिघडलेलं हिंदी नव्हतं, शाबूत राहिलेलं कोल्हापुरी मराठी होतं. सिस्टर गडहिंग्लजकडच्या. तिकडे बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी नाशिकचा. नोकरी मोहालीत, खोली परवडणार ती मनीमाजऱ्यात, म्हणून त्यांचा वरचा मजला बघायला गेलो. आतून आवाज आला, "आलो आलो, जरा दम धर की!" कुणी पहिलवान गडी दार उघडणार अशा तयारीत मी उभा, आणि समोर पाच फुटांच्या, पांढऱ्या केसांच्या सिस्टर. तेव्हा मला हसू आलं होतं. हसण्याऐवजी थोडा विचार केला असता तर पुढचं एक मोठं पाप माझ्या हातून घडलं नसतं.

सिस्टर एका मोठ्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या. लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ड्युटी बदलून मिळाली न्हाई." निवृत्त झाल्यावरही थिएटर त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. भाजी चिरताना सुरी मागितली तर मूठ आपल्या हातात येईल अशी द्यायच्या. स्टुलावर बसायच्या, सोफ्यावर नाही. घरातला सोफा पाहुण्यांसाठी आणि वाळलेल्या कपड्यांसाठी.

आणि टेनिस. टेनिस म्हणजे सगळं टेनिस नव्हे, एकच मुलगी. युरोपातल्या कुठल्याशा छोट्या थंड देशातली. तिचं आडनाव सिस्टरच्या जिभेवर कधी बसलं नाही, त्यामुळे ती 'आमची'. "आज आमची हाय," असं सकाळी जिन्याच्या तळाशी उभं राहून मला सांगितलं जायचं. शेजारचे सरदारजीही विचारायचे, "सिस्टर जी, आज आपकी वाली खेल रही है?" पुरुषांचं टेनिस त्या बघत नसत. "ते बाप्ये नुसतं बॉल हाणत्यात. त्यात बघायचं काय?"

आमची त्यांना सापडली निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी. टीव्हीवर कुठलीशी मोठी स्पर्धा चालू होती. ती मुलगी तेव्हा विशीच्या आतली. सर्व्हिस करायच्या आधी तिने चेंडू तीन-चारदा आपटला, आणि सिस्टरच्या नजरेला पडला तो तिचा हात. "थरथरत होता रे. पहिल्यांदा थेटरात आलेल्या पोरींचा थरथरतो, तस्सा. आन् तरी मागं सरली न्हाई." त्या दिवशी ती हरली. सिस्टर मात्र अडकल्या त्या अडकल्याच.

मॅचच्या आधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. मॅच चालू असताना टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, बेल वाजली तर उघडायची नाही. मी एकदा एका सुंदर फटक्याला "वाह!" म्हणालो तर त्या म्हणाल्या, "पोट उघडं असताना टाळ्या वाजवतंय का कोण?" शून्याला 'लव्ह' म्हणतात हे मी सांगितलं तेव्हा खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "सायबाच्या पोरीबाळींचं अवघड हाय म्हणायचं."

पुढे आमचीचा खांदा बिघडला. क्रमांक घसरत गेला, मोठ्या स्पर्धा सुटल्या, टीव्हीवर दिसणं बंद झालं. दुसरं कुणी असतं तर नवीन मुलगी शोधली असती. सिस्टरनी माझ्याकडून फोनवर नुसते आकडे बघायला शिकून घेतले. पंधरा, तीस, तीस-चाळीस. चित्र नाही, आवाज नाही, फक्त बदलत जाणारे आकडे, आणि त्यावरून या बाई मला सांगणार, "आता दमली." किंवा "आता चिडलीया, बघ आता." मी हसायचो. "थेटरात मॉनिटरवर तरी काय दिसतंय? आकडंच की," असं त्या म्हणायच्या. आमची जिंकली की गल्लीत रव्याचे लाडू. हरली की सिस्टर कूलर उघडून घासायला घेत. जानेवारीच्या थंडीतसुद्धा कूलर घासताना दिसल्या की सरदारजी समजून जात आणि काही न विचारता पुढे जात. मी आता पुण्याला आलोय, तरी अधूनमधून त्यांचा फोन येतो आणि पहिलं वाक्य आमचीच्या क्रमांकाचं असतं.

आता माझ्या पापाकडे येतो.

थिएटरमध्ये पेशंटला भूल द्यायच्या आधी सिस्टर त्याच्या कपाळावर हात ठेवून एक वाक्य बोलत. मराठी माणूस असला तर, "मी बघतोय तुला. घाबरू नको." बाकीच्यांना, "मैं देख रहा हूँ तेरे को. डर मत." किती पंजाबी माणसं ते 'रहा हूँ' ऐकून हसता हसता झोपली असतील, कोण जाणे. डॉक्टरसुद्धा म्हणत, सिस्टरचं वाक्य झालं ना, मग द्या भूल. जवळजवळ तीस वर्षं रोज हेच वाक्य. तर सिस्टरना वाटलं की आमचीलाही मॅचच्या आधी कुणीतरी हे सांगायला पाहिजे. "तिला कोण सांगतंय तिथं? कोच तर नुसता डाफरतोय."

मी म्हणालो, सोपं आहे. मी त्यांना सोशल मीडियावर एक खातं उघडून दिलं. फोटो लावूया म्हटलं तर म्हणाल्या, "माझं थोबाड कशाला? तिला काय करायचंय?" म्हणून फोटो नाही. नाव म्हणून मी घाईत दोन अक्षरं आणि चार आकडे टाकले. सिस्टर बोलायच्या, फोन त्याचं आमचीच्या भाषेत भाषांतर करायचा, आणि मी पाठवायचो. प्रत्येक मॅचच्या आधी. "मी बघतोय तुला. घाबरू नको. मी हितंच हाय." मी संगणकाचा माणूस. ते भाषांतर उलटं करून एकदा वाचावं असं मला एकदाही वाटलं नाही.

पहिल्याच वर्षी तिच्याकडून एक लाल बदाम आला. तो फोन सिस्टरनी अख्ख्या गल्लीला दाखवला. नंतर काहीच नाही. मग एके दिवशी तिचं पान उघडेनासं झालं. मला ताबडतोब कळलं की आपल्याला बंद केलंय. पण सिस्टरच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, "काहीतरी तांत्रिक असणार," आणि दुसरं खातं उघडलं. तेही काही महिन्यांनी बंद झालं. मी तिसरं उघडलं. हे सगळं सात वर्षांत झालं, आणि मला वाटत होतं मी म्हातारीची सेवा करतोय.

मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस बातमी मीच आणली. चंदीगडात बायकांची एक छोटी स्पर्धा होती, आणि खेळाडूंच्या यादीत आमची! मी जिना दोन दोन पायऱ्या उतरून ओरडतच आलो. मला वाटलं सिस्टर नाचतील. त्या स्टुलावर बसल्या.

"हितं येणार?" त्या म्हणाल्या. "म्हंजे पार खाली आली की रे पोरगी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवरून जी मुलगी चंदीगडला वीस माणसांसमोर खेळायला येते, ती कुठून कुठे आलेली असते, हे सिस्टरना आधी दिसलं. तो सबंध दिवस त्या कूलर घासत होत्या. दुसऱ्या दिवशी मात्र रवा भाजल्याचा वास वरपर्यंत आला. "आता येतीया म्हटल्यावर पोटाला तर घातलं पायजे," त्या म्हणाल्या, आणि मला लिहायला बसवलं. "लिही. तू माझ्या गावात येणार. मी तुझी वाट बघतोय. तुझा हात थरथरतो ते मला म्हायती हाय. घाबरू नको." मी जसंच्या तसं पाठवलं.

मॅच सकाळी अकराची. ऊन छान पडलं होतं. प्रवेश फुकट होता, तरी पायऱ्यांवर आम्ही धरून वीस-पंचवीस माणसं असू. त्यातली निम्मी मुलांना शिकायला घेऊन आलेल्या आया. सिस्टरनी इस्त्रीची साडी नेसली होती, वर शाल, मांडीवर लाडवांचा डबा. घरून निघताना हात कोपरापर्यंत धुतले होते हे सांगायला नको. आमची खाली कोर्टाच्या कडेला बाकावर एकटीच बसली होती, बुटाच्या नाड्या सोडून परत बांधत. टीव्हीवर वाटायची त्यापेक्षा बुटकी निघाली. सिस्टर तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"लिही," त्या हळूच म्हणाल्या. "मी आलोय म्हणून लिही. डाव्या हाताला, वर बसलोय."

मी लिहिलं. पाठवलं. खाली बाकावर तिचा फोन उजळलेला मला दिसला. तिने वाचलं आणि झटकन मान वर करून डावीकडे बघितलं. पायऱ्यांवर तेवढ्या भागात फोन हातात धरलेला एकच पुरुष होता. मी आनंदाने तिला हात केला.

ती उठली. पळाली नाही, पण पळायचं नाही असं ठरवून माणूस चालतो तशी चालली आणि कोर्टामागच्या खेळाडूंच्या तंबूत गेली. दोन मिनिटांत एक गार्ड माझ्या खांद्याशी उभा.

"भाईसाहब, ज़रा साइड पे आना. फ़ोन लेके."

"उसको किधर लेके जाता है?" सिस्टर उठल्या.

"माता जी, आप बैठो. ये आदमी मैडम को मैसेज भेजता है."

"ये नहीं भेजता. मैं भेजता हूँ!"

"भेजती हूँ," गार्डने सवयीने सुधारलं.

"वही तो बोल रहा हूँ मैं!"

गार्डला हसू फुटलं, मलाही. तोवर तंबूतून स्पर्धेच्या सुपरवायझर बाई आल्या. उंच, डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात आमचीने केलेल्या तक्रारीचे कागद. त्या हसल्या नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं: ही निवृत्त सिस्टर, हे तिचं मराठी, हे माझं भाषांतर. त्यांनी सिस्टरकडे खूप वेळ बघितलं, आणि मग कागदावरून हिंदीत एकेक ओळ वाचत गेल्या. मैं तुम्हें देख रहा हूँ. डरो मत. मैं यहीं हूँ. तुम मेरे शहर आ रही हो. मैं तुम्हारा इंतज़ार कर रहा हूँ. मुझे पता है तुम्हारा हाथ काँपता है.

तिच्या भाषेतही आपल्यासारखंच काही क्रियापदांवरून कळतं, बोलणारा बाई की पुरुष. फोनने कुठेही चूक केली नव्हती. सिस्टर जे बोलल्या तेच पोचवलं होतं.

"सात साल से," सुपरवायझर बाई म्हणाल्या. "ब्लॉक करती है, फिर नया अकाउंट आता है. कोच अब है नहीं, अकेली घूमती है. होटल में दरवाज़े के आगे कुर्सी लगाके सोती है."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "खुर्ची काय म्हणली?"

मी मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच नकोसा झाला होता. आणि तेव्हाच, पहिल्यांदा, मी ती बंद झालेली दोन खातीही कबूल केली. सिस्टर मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला भ्याली व्हय ती?" एवढंच त्या म्हणाल्या. डब्याचं झाकण त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं.

सुपरवायझर बाई आता विरघळल्या होत्या. "मैं उनको समझाती हूँ," म्हणून त्या तंबूत गेल्या. पाच-सात मिनिटं लागली. मी सिस्टरना म्हणत होतो, आता कळेल तिला, उलट हसेल, भेटायला येईल बघा. बाई परत आल्या त्या अवघडलेल्या चेहऱ्याने. आमचीला सगळं कळलं होतं. ती म्हणाली होती की तिला वाईट वाटतंय, आजीबाईंना सॉरी सांगा. "लेकिन… अगर आप लोग आज यहाँ न बैठें तो. वो कह रही है, मैं समझ गई हूँ, पर मेरा हाथ नहीं समझ रहा."

मी भडकलो. माझी चूक होती म्हणूनच जास्त भडकलो असेन. प्रवेश सगळ्यांना खुला आहे, म्हातारं माणूस आहे, सात वर्षं जीव टाकलाय, आता सगळं स्पष्ट झाल्यावर कसली भीती, असं बरंच काही.

"गप बस," सिस्टर म्हणाल्या. थिएटरातला आवाज असणार तो. "मास्क बघून पेशंट भ्याला तर आपण काय करतो? ह्यात ऑक्सिजन हाय, चांगला हाय, असं सांगत बसत न्हाई. आधी मास्क बाजूला घ्यायचा. सांगायचं मागनं." त्यांनी शाल सारखी केली आणि उठल्या. "मास्क मी हाय. चल."

लाडवांचा डबा त्यांनी गेटवरच्या गार्डकडे दिला. "बाँट लो. घी का है," म्हणाल्या. मी म्हटलं रिक्षा बोलावतो. त्या म्हणाल्या, "मॅच झाल्याबिगार कुठं जायचं?"

बाहेर भिंतीला लागून चहाची टपरी होती. सिस्टर भिंतीकडे तोंड करून बाकड्यावर बसल्या. मी आकडे बघायला फोन काढला तर त्यांनी तो हातानेच खाली दाबला. "ठेव त्यो." आत चेंडूचा आवाज येत होता, आणि अंपायरचा. त्या ऐकत होत्या. तास दीड तास मॅच चालली. मधे एकदा, "पहिली सर्व्हिस आत पडाय लागली," असं म्हणाल्या. टपरीवाला मला खुणेने विचारत होता की या ठीक आहेत ना. मी तिथे बसून माझ्या फोनमधलं तिसरं खातं पुसून टाकलं, पण त्याने काय होणार होतं? मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचा अधिकार मला नव्हता.

शेवटी आत टाळ्या झाल्या, थोड्याच. अंपायरने नाव घेतलं. आमची जिंकली होती.

सिस्टरनी मान हलवली. लाडवांचा डबा तर आधीच वाटला गेला होता.

आम्ही उठणार तेवढ्यात गेटमधून ती बाहेर आली. बॅग ओढत, एकटी. तिला न्यायला यायची गाडी आलेली नव्हती. मला बघून ती पुन्हा दचकली असती म्हणून मी झटकन टपरीमागच्या झाडाआड सरकलो. सिस्टर बाकड्यावरच राहिल्या, पाठमोऱ्या. खेळाच्या आधी तिने पायऱ्यांवर मला पाहिलं होतं, शेजारच्या शालीतल्या बाईकडे तिचं लक्ष गेलेलं नसावं. ती रस्त्याकडे बघत उभी राहिली, मग टपरीशी आली. चहाच्या किटलीकडे बोट दाखवून तिने भुवया उंचावल्या. सिस्टर आणि तिच्यात हातभर अंतर होतं. इतक्या वर्षांत टीव्हीनेसुद्धा तिला त्यांच्या इतकं जवळ आणलं नव्हतं.

सिस्टरनी मान खाली घातली. हातातला ग्लास केव्हाच रिकामा झाला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

टपरीवाला दूध ओतणार, तेवढ्यात मान वर न करता सिस्टर बोलल्या, "दूध मत डालो भैया. नींबू है तो नींबू." दूध तिला सोसत नाही, हे त्यांना कुठल्याशा मुलाखतीवरून माहीत होतं. टपरीवाल्याने लिंबू पिळलं. तिने घोट घेतला, चकित होऊन शेजारच्या वाकलेल्या म्हातारीकडे बघितलं, आणि वाकून 'थँक यू' म्हणाली. सिस्टर ग्लासात बघत राहिल्या.

गाडी आली. ड्रायव्हरने बॅग चढवली. दार लागल्याचा आवाज झाला.

मी झाडाआडून येऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"गेली?"

"गेली."

त्यांनी रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "कशी दिसती रं जवळनं?"

मी सांगायला लागलो. नाक उन्हाने सोललंय. केसांना साधा काळा रबर लावलाय. उजव्या खांद्यावर अजून पट्टी आहे. ग्लास धरला होता तो हात अगदी स्थिर होता. आणि जाताना हसली.

"हसली?"

"हसली की. तुमच्याकडे बघून."

"माझ्याकडं," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि गाडी गेली त्या रस्त्याकडे वळून बघितलं. रस्ता केव्हाच रिकामा झाला होता. त्या तरी बघत राहिल्या, आणि मी त्यांना चला म्हणालो नाही.